मावशी कॅन्टीनमध्ये होत्या

मावशींच्या तोंडून ‘काऊन’ हा शब्द मी ऐकला तेव्हा भगत त्यांना चिंचेच्या ओल्या छडीने मारत होता. भर दुपार होती. बोईसरजवळच्या दांडी गावातल्या त्यांच्या घराच्या अंगणात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि शेजारपाजारची पंधरा-वीस माणसे अर्धगोल करून उभी होती. छडी पोटऱ्यांवर उतरली की मावशींचा आवाज चढे. पण तो आवाज त्यांचा नव्हता. दांडीत जन्मलेली, दांडीतच दिलेली, वैतरणेच्या पलीकडे आयुष्यात चार-पाच वेळाच गेलेली ती बाई खालच्या, घोगऱ्या, पुरुषी पट्टीत विचारत होती, “काऊन नाई उघडून राह्यला बे हा? काऊन?”

या किनाऱ्यावर ‘का’ला ‘काऊन’ कोणी म्हणत नाही. तो विदर्भातला शब्द, आणि आमच्या कारखान्यात तो वापरणारा एकच माणूस होता. रिॲक्टर चालवणारा ऑपरेटर. नऊ दिवसांपूर्वी तोच रिॲक्टर फुटून तो मेला होता.

अंगणातल्या सगळ्यांना अर्थ लागला होता: मेलेला ऑपरेटर मावशींच्या अंगात आला आहे. मला दुसरा अर्थ लागला होता, आणि तो सांगायला मी पुढे झाले. त्या दिवशी मी गप्प बसले असते तर मावशींचा हात मोडला नसता. मला सबब सांगायची नाही. घटनांचा क्रम तेवढा नीट लावायचा आहे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात मी केमिस्ट होते. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम. एस्सी., वय सत्तावीस, राहायला पालघरला आईवडिलांकडे. मावशी कंत्राटदारामार्फत आमच्याकडे सफाईला येत. त्या माझ्याहून सातच वर्षांनी मोठ्या; पण झाडू हाती असलेल्या बाईला ‘मावशी’ आणि प्रयोगशाळेत बसणाऱ्या मुलीला ‘मॅडम’ म्हणायचे, हा नियम आमच्याकडे कोणी लिहून ठेवलेला नसताना काटेकोर पाळला जाई. ऑपरेटरसुद्धा त्यांना मावशीच म्हणे. तो चाळिशीचा होता. जाता-येता तो मावशींना वऱ्हाडीत चिडवायचा आणि मावशी त्याची नक्कल करून उत्तर द्यायच्या. “काऊन वं मावशी, आज मासे नाई आनले?” “काऊन आनू? तुमी वास आला का नाक दाबता.” दोन वर्षे हा संवाद मी दाराआडून ऐकला होता. माझ्या पुढच्या चुकीचे मूळ त्यातच आहे.

रिॲक्टरमध्ये एका औषधासाठी लागणारे रसायन तयार होत असे. क्रिया उष्णता बाहेर टाकणारी होती. भोवतीच्या आवरणातून थंड पाणी फिरत राहिले नाही तर तापमान चढते, चढलेले तापमान क्रियेचा वेग वाढवते, आणि वाढलेला वेग तापमान आणखी चढवतो. त्या सकाळी साडेअकराच्या सुमारास थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला आणि पुढच्या काही मिनिटांत रिॲक्टरचे झाकण छत फोडून बाहेर गेले.

आवाज मला आठवत नाही. आठवते ती प्रयोगशाळेच्या खिडकीची काच आत येताना. अखंड, किंचित फुगलेली, एखाद्या पडद्यासारखी. त्यानंतरची पहिली आठवण म्हणजे मी फाटकाजवळ उभी आहे, माझ्या हातात हजेरीचा कागद आहे, आणि त्यावर माझ्याच अक्षरात कोण कुठे सापडला याच्या नोंदी पूर्ण झालेल्या आहेत. मधली बावीस मिनिटे नाहीत. भोंग्याची वेळ आणि कागदावर मीच टाकलेली वेळ यांची वजाबाकी करून मी तो आकडा काढला.

चौघांनी ऑपरेटरला ताडपत्रीत घालून आणले. ताडपत्रीच्या कडेबाहेर त्याचा एक हात लोंबत होता. रबरी हातमोजा वितळून कातडीला बसला होता आणि बोटे एकमेकांपासून वेगळी राहिली नव्हती. चेहऱ्यावर कुणीतरी शर्ट टाकला होता. शर्टाखालची उंची चेहऱ्याची नव्हती. ताडपत्री उचलणाऱ्यांतला एक जण मला म्हणाला, “मॅडम, उधर मत देखो, लिखो आप.” मी लिहिले.

मावशी कॅन्टीनच्या मोरीत कप धुताना सापडल्या. कप आधीच धुतलेले होते. त्यांच्या केसांवर पांढरा भुसा होता, पाइपांभोवती गुंडाळलेल्या आवरणाचा, आणि डाव्या कानातून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता. कोणीतरी विचारले, “मावशी, तुम्ही इथेच होता ना?” त्या म्हणाल्या, “कप धुवाचे हायत.” माझ्या कागदावर नोंद होती: सफाई, एक, कॅन्टीन. पुढे चौकशीत तोच कागद ग्राह्य धरला गेला.

घरी गेल्यावर आईने मला उंबऱ्याबाहेरच थांबवून मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या विस्तवावर टाकल्या. मला ठसका लागला नाही. ठसका लागत नाही म्हणजे नजर फार मोठी, असे आईने ठरवले. माझ्या नाकाला सकाळपासून कसलाच वास येत नव्हता, हे मी तिला सांगितले नाही. मी माझ्या खोलीत जाऊन परदेशातल्या एका विद्यापीठाकडे पाठवायचा संशोधन प्रस्ताव पूर्ण केला. मुदत त्याच दिवसाची होती. चुकीचा एक शब्द त्यात सापडणार नाही.

चौथ्या दिवशी तात्पुरत्या प्रयोगशाळेत काचेचे चंचुपात्र माझ्या मुठीत फुटले. ते निसटले नव्हते; मी ते आवळले होते. काच तळव्यात दोन ठिकाणी घुसली, रक्त सिंकमधल्या पाण्यात मिसळताना मी पाहत होते आणि हा हात कोणाचा आहे याचा मला उलगडा होत नव्हता. दुखत नव्हते. मी घड्याळात पाहून वेळ लक्षात ठेवली. नंतर शोधनिबंध वाचले. धक्का बसलेले मन स्वतःपासून सुटे होते, मधली पाने गळतात, माणूस स्वतःला बाहेरून पाहतो किंवा दुसऱ्याच कोणाच्या आवाजात बोलतो. हे सारे मी चार दिवसांत नीट समजून घेतले. वाचलेले मी मावशींना लागू केले. स्वतःच्या बावीस मिनिटांचा शोध घ्यावा असे मला सुचले नाही. ती मोजून झाली होती, एवढे मला पुरेसे वाटले.

मावशींच्या बरोबरीच्या सफाई कामगार बाईने मला सांगितले, की मावशी कामावर येत नाहीत, घरात पुरुषासारख्या बोलतात, भगताला बोलावले आहे. मी बोईसर स्टेशनबाहेरून सहा आसनी रिक्षा पकडून दांडीला गेले. मी शिकलेली, तिथे जाऊन बाईला वाचवणार, असा माझा समज होता.

छडी पुन्हा वर गेली तेव्हा मी भगताचे मनगट धरले. तो म्हातारा, आतल्या डोंगरपाड्यावरून आणलेला, सडपातळ. त्याने मनगट सोडवले नाही. नुसते माझ्याकडे पाहिले.

“यांच्या अंगात कोणीही आलेले नाही,” मी मोठ्याने म्हणाले. “स्फोटाच्या वेळी या तिथेच होत्या. त्या माणसाच्या शेजारी. त्याचे शेवटचे बोलणे यांनी कानांनी ऐकले आहे, आणि आता तेच पुन्हा बाहेर पडते आहे. त्यांना मारू नका. पालघरच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, तिथे न्या.”

“मॅडम, ती कॅन्टीनान होती,” मावशींच्या सासूबाई म्हणाल्या. “कंपनीनच सांगलं आमाला.”

“कॅन्टीन दुसऱ्या टोकाला आहे. तिथून कुणाचे बोलणे ऐकू येत नाही. आणि केसांवरचा तो पांढरा भुसा रिॲक्टरच्या मजल्यावरचा होता. त्या तिथेच होत्या, यात शंका नाही.”

मी पुराव्यासह बोलत होते आणि तो पुरावा मला निर्दोष वाटत होता. गर्दीतून एक बाई हसली. “आता कळलं गो, तो हिच्याच अंगान का आला. येवढ्या बाया सोडून.”

मावशींचा नवरा ओट्यावर बसला होता. तो बोटीवर खलाशी. बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढल्याने महिनाभर घरी होता. तोवर तो बायकोच्या पायांवरच्या वळांकडे पाहून रडत होता, हे मी आल्या आल्या पाहिले होते. आता त्याचे रडणे थांबले. त्याने शांतपणे विचारले, “झाडू मारनारी बाय त्या मजल्यावर जाते काय, मॅडम?”

“नाही,” मी म्हणाले. “सफाई कामगारांना उत्पादन विभागात जायला बंदी आहे.”

“मंग ही तिथं कशाला गेलती?”

“ते मला माहीत नाही.”

हे उत्तर त्या वेळी माझ्या समजुतीप्रमाणे खरे होते.

भगताने छडी खाली ठेवली आणि तांदळाचे सूप आवरायला घेतले. मी त्याच्याजवळून जाताना तो हलक्या आवाजात म्हणाला, “मी मेलेल्याला मारीत होतो, बाय. तुमी जितीला पुढं केलंत.” मला तो बचाव वाटला. रिक्षात बसल्यावर मला थोडे समाधानही वाटत होते.

दोन दिवसांनी त्याच सहकारी बाईने मला जिन्याखाली गाठले. “मॅडम, तुमी काय सांगून आलात तिच्या घरान? नवरा रोज मारतो तिला. दात पाडले. बोलतो, त्या मानसाशी तुजं काय होतं ते सांग. ती काय सांगंल? तिला तो दिवसच आठवत नाय.”

मी दुपारची रजा टाकली.

अंगणात या वेळी गर्दी नव्हती. सासूबाई, शेजारच्या दोन बायका आणि नवरा. मावशी बोंबलांच्या काठ्यांखाली मातीत बसल्या होत्या. त्यांचा वरचा ओठ सुजून नाकाला लागला होता, आणि एका डोळ्याच्या जागी नुसती जांभळी चीर होती. मला पाहताच नवऱ्याने त्यांना केसांना धरून उभे केले.

“बरं झालं आलात. तुमीच बोल्लात ना, ही तिथं होती? आता तुमच्यासमोर विचारतो. कशाला गेलतीस? बोल.”

“आठवत नाय,” मावशी म्हणाल्या. त्यांच्याच आवाजात. मारामुळे दुसरा आवाज यायचा बंद झाला होता.

“परक्या मरदाचं सगलं आठवतं, तो काय बोलला ते, आनी सोता कशाला गेलती ते आठवत नाय?”

“सोडा त्यांना,” मी म्हणाले. “ही विस्मृती खरी असते, हा आजाराचाच भाग...”

“तुमी गप ऱ्हावा. तुमच्या बोलन्यानच हे झालं.”

त्याने भिंतीला लावलेला वल्ह्याचा तुटका दांडा घेतला. मावशींनी डोके वाचवायला डावा हात वर केला आणि दांडा कोपराच्या खाली बसला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. वाळकी काटकी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. पण तो मी ऐकला आणि अंगणातला उजेड एकदम सपाट झाला.

पुढचे मी शक्य तितक्या काटेकोरपणे लिहिते. मी माझ्या शरीराच्या किंचित मागे आणि वर होते, साधारण बोंबलांच्या काठ्यांच्या उंचीवर. खाली पांढऱ्या कुर्त्यातली एक मुलगी उभी होती. त्याच वेळी माझ्या कानाशी कारखान्यातला अंतर्गत फोन होता आणि त्यात ऑपरेटर बोलत होता. ही गळालेल्या बावीस मिनिटांच्याही आधीची गोष्ट; स्फोटाने मागचीही काही मिनिटे नेली होती.

तो म्हणत होता, “मॅडम, सॅम्पल तयार आहे, कोनाच्या हाती देऊ?” नमुना आणणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. नियमाप्रमाणे मी स्वतः जायला हवे होते. माझ्या पडद्यावर संशोधन प्रस्ताव उघडा होता, शेवटचा परिच्छेद राहिला होता. मावशी माझ्या टेबलाखालची बास्केट रिकामी करत होत्या. मी त्यांच्या हातात रिकामी बाटली दिली आणि म्हणाले, “मावशी, पटकन तेवढे घेऊन या ना वरून.” त्या म्हणाल्या, “मला वर सोडत नाय, मॅडम.” मी म्हणाले, “माझे नाव सांगा.” आणि फोनमध्ये म्हणाले, “मावशी येताहेत, तुम्ही थांबा तिथेच.” थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. तापमान चढत होते. त्याचे बोलणे निम्मे मला, निम्मे त्या अडकलेल्या व्हॉल्व्हला उद्देशून होते. मग तो फोनबाहेर ओरडला, “मावशी, तुमी व्हा बाहीर,” आणि काहीतरी ढकलल्याचा आवाज आला. त्याने त्यांना जिन्याच्या भिंतीआड लोटले होते. स्वतःला त्याला वेळ मिळाला नाही.

अंगणातली ती पांढऱ्या कुर्त्यातली मुलगी बोलू लागली. आवाज जाड, घशात घासून येणारा. शब्द मला ऐकू येत होते.

“मॅडमनं धाडलं मावशीले. बाटली देऊन धाडलं. मावशी नाई म्हने. मले म्हने थांब, मावशी येऊन राह्यली. म्हनून थांबलो मी.”

नवऱ्याच्या हातातला दांडा खाली आला. शेजारच्या बायकांपैकी एक मागे सरकत उंबऱ्याला लागली. दुसरी तिच्या कानात म्हणाली, ते मला स्पष्ट ऐकू आले: “आता ह्या मॅडमला पन छडी लागंल.”

सासूबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्या कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर आल्या, माझ्या कपाळाला बोट लावले आणि एखाद्या पाहुण्याची चौकशी करावी तसे विचारले, “कोन तू? कंपनीतला?”

“व्हय.”

“माज्या सुनेशी तुजं काय होतं? खरं सांग. खोटं बोलशील तं वाट भेटनार नाय.”

“मावशी व्हय ते माही,” तो आवाज म्हणाला. “माशाचं चिडवो मी तिले. अजून काय?”

सासूबाई मुलाकडे वळल्या. “ऐकलास? मेलेला मानूस खोटं नाय बोलत. टाक ते हातातलं.”

त्याने टाकले. मग तो मावशींजवळ मातीत बसला, त्यांचा लोंबणारा हात उचलायला गेला आणि त्या किंचाळल्या तेव्हा दोन्ही हातांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागला. त्याला कोणी थांबवले नाही.

मी परत माझ्या जागी आले तेव्हा घसा सोलवटून निघाला होता आणि कुर्त्यावर कुंकू सांडले होते. हे मी मुद्दाम केले का, हा प्रश्न मला नंतर अनेकांनी विचारला आणि मी स्वतःला सर्वांत जास्त. उत्तर असे: सुरुवात मी केली नव्हती. पण ‘मावशी व्हय ते माही’ या वाक्याच्या वेळी मी थांबू शकले असते, एवढी मी शुद्धीवर आले होते. मी थांबले नाही. ते वाक्य ऑपरेटर कधी बोलला होता की मी रचले, हे मला सांगता येत नाही. मावशींच्या अंगणात मात्र त्या वाक्याइतके उपयोगी काही मी आजवर बोललेले नाही.

मासळीच्या टेम्पोतून आम्ही त्यांना पालघरच्या सरकारी दवाखान्यात नेले. नवरा त्यांच्या हाताखाली उशी धरून बसला होता आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या देत होता. दवाखान्यात त्याने सांगितले, बोटीवर पडली. मी खरे सांगितले, डॉक्टरने तेच लिहिले आणि पोलिसांना कळवण्याचा कागद भरला. नवरा बाकावर मान खाली घालून बसून राहिला. मावशींनी पोलिसांना सांगितले, की त्यांना तक्रार द्यायची नाही.

प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. त्यांना भुलीचे औषध दिले होते, तरी नजर स्वच्छ होती.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “ते जे बोल्लात, ते तुमी बोल्लात का तो?”

“मी. तुम्हाला मीच पाठवले होते. मला आठवत नव्हते. आज आठवले.”

सुजलेल्या ओठामुळे त्यांचे शब्द अर्धे उमटत होते. “मी नाय बोलले होते ना तुमाला? वर सोडत नाय म्हनून?”

“हो. म्हणाला होतात.”

“मंग मी चुकले नाय.”

“नाही. तुम्ही नाही चुकलात. मी चुकले.”

“मला वाटायचं मीच चुकले. तो मला ढकलत होता ना, तवा मी त्याचा हात धरलेला. तो म्हनला सोड. मी सोडला.” त्यांनी प्लास्टरमधली बोटे हलवून पाहिली. त्या पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल स्वतःच्या आवाजात बोलत होत्या. मी काही विचारले नाही. तेवढी अक्कल मला आली होती.

मग त्या म्हणाल्या, “घरान तो बोलला असंच ऱ्हाऊ द्या. तुमी बोल्लात कळलं तर हा बोलंल, बायाबाया मिळून गोष्ट बनवली. मेलेल्याला हा घाबरतो, तुमाला कशाला घाबरंल? पन कचेरीन तुमी सांगा. तिथं तो येऊन सांगनार नाय.”

दुसऱ्या दिवशी मी सरकारी निरीक्षकांसमोर लेखी जबाब दिला: मावशी कॅन्टीनमध्ये नव्हत्या, त्या माझ्या सांगण्यावरून उत्पादन विभागात गेल्या होत्या, ऑपरेटरला जागेवर थांबायला मीच सांगितले होते. निरीक्षकांनी विचारले, बारा दिवस तुम्ही हे का सांगितले नाही? मी म्हणाले, मला आठवत नव्हते. ते माझ्याकडे पाहत राहिले. मीही त्यांच्या जागी तसेच पाहिले असते. कारखान्याने मला तीन दिवसांत निलंबित केले. परदेशच्या विद्यापीठाने मुलाखतीला बोलावले तेव्हा मी त्यांना चौकशीबद्दल आपण होऊन कळवले. त्यांचे पुढचे पत्र आले नाही. मावशींचे नाव जखमींच्या यादीत आले आणि त्यांच्या कानावर उपचार सुरू झाले. दर शुक्रवारी मनाच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी जातो. आधी त्या आत जातात, मग मी.

प्लास्टर निघाल्यावर दोन आठवड्यांनी एका शुक्रवारी मावशी आल्याच नाहीत, ना एकट्या, ना नवऱ्याबरोबर. मी फोन लावला. तो नवऱ्याने उचलला.

“बरं नाय तिला,” तो म्हणाला. “पुढल्या खेपेला आनतो.”

“काय झाले आहे?”

“काय नाय. घरातलं हाय.”

मागे भांडे पडल्याचा आवाज आला. मी पालघरच्या दवाखान्याच्या आवारात उभी होते. माझा श्वास सरळ होता, मी माझ्या शरीरात होते, पायांखालची फरशी मला लागत होती. हे मी तपासून घेतले, कारण पुढचे वाक्य कोण बोलले याबद्दल मला या वेळी शंका ठेवायची नव्हती.

“तो काल पुन्हा आला होता माझ्याकडे,” मी म्हणाले. “विचारत होता, मावशीवर हात उचलला का कोणी.”

पलीकडे समुद्राचा वारा ऐकू येऊ लागला; तो फोन घेऊन अंगणात आला असावा.

“नाय उचलला,” तो म्हणाला. “त्याला सांगा, नाय उचलला.”

“मी कशाला सांगू? तो येऊन स्वतः बघेल.”

“मॅडम, डॉक्टर कितीपर्यंत बसतात?”

“एक वाजेपर्यंत.”

“आनतो,” तो म्हणाला. “आताच निघतो.”